हीटर चालू, पाणी गार

बुकित पंजांग, सिंगापूर
१२ जानेवारी २०२५

प्रिय प्रबोध,

जय भीम. पत्र पाहून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. रविवारी आपण फोनवर बोललो तरी लिहिते आहे, कारण इथे फोन स्पीकरवर असतो आणि समोर अवधूत, इशिता आणि ऋचा असे तिघं बसलेले असतात. मुलाच्या घरी बसून, मुलगा, सून आणि नात यांच्या तोंडावर तक्रार कशी करायची? म्हणून मी 'सगळं छान' याच्या पुढे जात नाही. पत्र मात्र माझं मी लिहिते आणि खाली जाऊन पेटीत टाकते.

तर तक्रार अशी. पहाटे पाचला मी अंघोळीला जाते तेव्हा गरम पाणी येत नाही. हीटर गॅसचा आहे, स्वयंपाकघरामागे कपडे वाळत घालतात तिथे भिंतीवर बसवलेला. न्हाणीघराच्या दाराशी एक पट्टी आहे, तिच्यावर बेचाळीसचा आकडा पेटलेला दिसतो. म्हणजे हीटर चालू. हाताच्या शॉवरातून बादलीत येणारं पाणी मात्र गार. तू म्हणशील, सिंगापुरात गार पाण्याने काय बिघडतं? बाहेर उकडतं हे खरं, पण माझे सत्तरीचे गुडघे रात्रभर एसीत असतात. पहिला तांब्या अंगावर घेतला की ते मला शिव्या देतात.

नोव्हेंबरात आले तेव्हा पाणी छान कढत यायचं. आता येत नाही. आणि गंमत म्हणजे सहानंतर बाकी तिघं अंघोळ करतात, त्यांना येतं. अवधूतला सांगितलं तर तो पट्टीकडे बघून म्हणाला, "आई, बेचाळीस दाखवतोय." मी म्हटलं, "आकड्याने अंघोळ होत नाही." तो हसला नाही. त्याने इशिताकडे पाहिलं.

तसं त्याने मागेही एकदा पाहिलं होतं. इथली एलआरटी गाडी वसाहतीभोवती गोल फिरते. डिसेंबरात मला तिच्यात डुलकी लागली आणि आणखी एक फेरी झाली. मी हसत सांगितलं, त्याने ते मनात नोंदवून ठेवलं.

तू तीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलंस. काय ते सांग.

तुझी
वसुधाताई

---

जळगाव
२४ जानेवारी २०२५

प्रिय ताई,

सप्रेम जय भीम. तुझं पत्र तुझ्या भावजयीने, मधुवंतीने, आधी फोडलं, आधी वाचलं, आणि मग मला "परदेशातून काम आलंय" असं सांगत दिलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणी मला पदार्थविज्ञानातलं विचारतंय, त्यामुळे मी खुशीत आहे. उंटावरून शेळ्या हाकायच्या आहेत हे मान्य, पण शेळ्याही तशा थोड्याच आहेत.

पहिली गोष्ट. नळ बारीक सोड. हे आपल्याला आईनेच शिकवलंय. पाणी जितकं सावकाश वाहील, तितकं आचेवर जास्त वेळ राहील आणि तितकं तापेल. आमच्या गीझरला मी अजून हेच करतो. परदेशातला हीटर म्हणून तो काही आकाशातून पडलेला नाही.

दुसरी गोष्ट. तू अंघोळ करतेस त्याच वेळी कोणी स्वयंपाकघरात गरम पाणी घेतं का, ते बघ. पाणी वाटलं जात असेल.

तिसरी. दुपारी घरात कोणी नसताना तोच शॉवर, तीच बादली घेऊन पाहा. दुपारी गरम आणि पहाटे गार आलं, तर गोम वेळेत आहे. पहाटे गॅसचा दाब कमी होत असेल.

एलआरटीतल्या झोपेचं मनावर घेऊ नकोस. मी जळगावला उतरायचं विसरून मनमाड गाठलंय, आणि तेही जागेपणी.

भुसावळच्या विहारातली पोरं तुझी वाट बघतात असं ऐकतो. त्यांचा संध्याकाळचा वर्ग सध्या कोणीच घेत नाही. चौदा एप्रिलच्या आत ये.

तुझा
प्रबोध

---

बुकित पंजांग
५ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रबोध,

तिन्ही करून झालं. निकाल क्रमाने देत नाही, कारण तुझा पहिला मुद्दा सगळ्यात वाईट ठरला.

पहाटे स्वयंपाकघरात कोणी नसतं. घर सहापर्यंत चिडीचूप असतं. दुपारी अवधूत आंग मो किओला त्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत, इशिता जुरोंग ईस्टला ऑफिसात आणि ऋचा शाळेत. तेव्हा बादली लावली तर पाणी असं आलं की हात मागे घ्यावा लागला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गार. आणि बारीक सोड म्हणालास, तर मी बारीकच सोडते. तू म्हणालास म्हणून आणखी बारीक केलं, तर गार ते गारच, वर बादली भरेना.

शनिवारी अवधूतने हीटरवाल्याला बोलावलं. चिनी पोरगा, चेहऱ्याने गोड. त्याने शॉवर सुरू केला, धारेखाली हात धरला, माझाही हात पाण्याखाली नेला आणि म्हणाला, "आंटी, सो हॉट! नो प्रॉब्लेम लाह." पाणी खरंच गरम होतं. तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मी "पहाटे, पहाटे" म्हणत राहिले, तो मान डोलवत राहिला. तो गेल्यावर ऋचा म्हणाली, "आजी, मेबी यू ओन्ली फील कोल्ड?" पोरगी प्रेमाने म्हणाली, पण म्हणाली.

संध्याकाळी अवधूतने मला समोर बसवलं. स्मरणशक्ती तपासणारे डॉक्टर असतात, त्यांच्याकडे त्याने नाव घातलंय. बावीस एप्रिलची वेळ मिळाली आहे. "आई, अहवाल येईपर्यंत भुसावळला एकटं राहायचं नाही. आणि तसंच काही निघालं, तर तो फ्लॅट भाड्याने देऊन टाकू, तू इथेच राहा." आवाजात काळजी होती, नाही म्हणत नाही. पण गार पाण्याला गार म्हटलं म्हणून माझं घर जाणार, याला काय म्हणायचं?

मला माझ्या घरी जायचंय, प्रबोध. लवकर काहीतरी शोधून काढ.

तुझी
वसुधाताई

---

जळगाव
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

सप्रेम जय भीम.

खूप विचार केला, दोन-तीन आकृत्याही काढल्या. बारीक सोडलेलं पाणी गार येतं, हे पदार्थविज्ञानाला मान्य नाही. हा नियम जळगावात आणि सिंगापुरात सारखाच आहे. गॅसचा दाब म्हणावा, तर पहाटे कोणीच वापरत नसताना तो वाढायला हवा, कमी व्हायला नको.

परवा अवधूतचा फोन आला होता. बिचारा काळजीत आहे. "मामा, आईशी वाद घालता येत नाही," म्हणाला. मी त्याला काही बोललो नाही, पण तुला म्हणून सांगतो. डॉक्टरांकडे एकदा जाऊन यायला काय हरकत आहे? तीन माणसांना पाणी गरम लागतं, हीटरवाल्याला गरम लागतं, आकडाही गरम म्हणतो. वय झालं की अंगाला गारवा जास्त जाणवतो, त्यात कमीपणा नाही. माझंच बघ ना, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो.

राग मानू नकोस.

तुझा
प्रबोध

---

बुकित पंजांग
२७ फेब्रुवारी २०२५

प्रबोध,

राग आलाय. मानू नको म्हटल्याने तो जात नाही.

तू सांगितलेले प्रयोग मी केले, जे दिसलं ते लिहिलं. उत्तर तुझ्या नियमात बसलं नाही, म्हणून तू प्रयोग करणारीलाच बाद केलंस. वर्गात एखाद्या मुलीला असं केलं असतंस का? मी छत्तीस वर्षं नगरपालिकेच्या शाळेत गणित शिकवलंय. उत्तर चुकलं तर मी आधी माझं गणित तपासायची, मुलाचं डोकं नाही.

गार आणि गरम मला कळतं.

वसुधा

---

जळगाव
८ मार्च २०२५

प्रिय ताई,

तुझं पत्र मधुवंतीनेही वाचलं. दोन दिवस तिने मला जेवायला वाढलं, पण बोलली नाही. तुझ्या बाजूने इथेही एक माणूस आहे, हे कळावं म्हणून सांगतो.

तुझं बरोबर आहे. मी नियम धरून बसलो आणि तुला सोडलं. मला लाज वाटते.

आता शहाणपण न शिकवता फक्त विचारतो. नोव्हेंबरात आलीस तेव्हा पाणी कढत यायचं, असं तूच पहिल्या पत्रात लिहिलंस, आणि मी त्यावरून डोळे झाकून पुढे गेलो. मग ते नेमकं कधी थांबलं? त्या सुमारास घरात काय बदललं? हीटरमध्ये नाही, घरात. कोणी आलं, गेलं, काही हललं, काही बोलणं झालं? क्षुल्लक असलं तरी लिही. तू काहीतरी गाळते आहेस असं मला वाटतं. लहानपणीही तू गाळायचीस. बाबांनी विचारलं की माझ्या फुटलेल्या पाट्या तुझ्या हातून पडलेल्या असायच्या.

तुझा
प्रबोध

---

बुकित पंजांग
२४ मार्च २०२५

प्रिय प्रबोध,

तुझा प्रश्न शाळेच्या सुट्टीत हातात पडला आणि मी सरळ उत्तर द्यायचं ठरवलं. हे पत्र वाचून मधुवंतीखेरीज कोणाजवळ बोलू नकोस.

जानेवारीत ऋचाची शाळा सुरू झाली. यंदा तिचं मोठ्या परीक्षेचं वर्ष आहे, पोरगी रात्री उशिरापर्यंत वाचते. तिची खोली न्हाणीघराला लागून आहे. एकदा सकाळी चपला घालता घालता इशिता म्हणाली, "आई, पहाटे बादलीत पाणी पडतं त्याचा आवाज ऋचाच्या खोलीत फार येतो हो." एवढंच. उद्धटपणे नाही, चिडून नाही. दुसऱ्या दिवसापासून मी शॉवरचं तोंड बादलीच्या कडेला टेकवून पाणी अगदी करंगळीएवढं सोडू लागले. आवाज बंद झाला. बादली भरायला फार वेळ लागायचा, तेवढा वेळ मी स्टुलावर बसून त्रिशरण म्हणायची.

हे तुला लिहिलं नाही, कारण आपलेच दात, आपलेच ओठ. सुनेचं बोलणं माहेरी कळवणारी सासू मला व्हायचं नव्हतं. शिवाय पाण्याशी त्याचा संबंध असेल असं मनातही आलं नाही. बारीक सोडलं की जास्त तापतं, हे मीही तुझ्याइतकंच घट्ट धरून होते.

आता पुढचं ऐक. सुट्टीत ते तिघं दोन दिवस मलाक्काला गेले. मी गुडघ्यांचं कारण सांगून राहिले. पहाटे उठले. घरात उठवायला कोणीच नव्हतं, म्हणून शॉवर पूर्ण सोडला. मागे हीटर 'भक्' करून पेटला. तो आवाज मी पहाटे कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. आणि पाणी कढत आलं, प्रबोध, भल्या पहाटे! म्हणजे वेळेचा काही दोष नव्हता. मग मी नळाची दांडी हळूहळू खाली आणली. करंगळीएवढी धार झाली आणि हीटर विझला. आकडा तसाच बेचाळीस, पाणी गार. पुन्हा वाढवलं, पुन्हा पेटला. लहान मुलासारखी मी ते करत बसले. दुपारी मी घरात एकटी म्हणून शॉवर मोकळा सोडायची, तो हीटरवालाही मोकळाच सोडायचा, आणि हे तिघं तर धबधब्याखाली उभं राहणारे. धार बारीक करणारी घरात मी एकटीच. खूप आनंद झाला. ओरडून कोणाला तरी सांगावंसं वाटलं.

आणि तिथेच अडले. अवधूतला दाखवलं तर तो पहिलं विचारेल, एवढं बारीक का सोडतेस? खरं सांगितलं तर तो इशिताला बोलेल. आईच्या बाबतीत तो हळवा आहे आणि त्याचा राग घरभर फिरतो. नाही सांगितलं तर बावीस तारीख आहेच. ते आले तेव्हा मी काही बोलले नाही. इशिताने माझ्यासाठी मलाक्काहून मऊ सपाता आणल्या होत्या.

तुझी
वसुधाताई

---

जळगाव
३ एप्रिल २०२५

प्रिय ताई,

काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि वळसा घालायला लावणारा मी. 'आणखी बारीक सोड' असा सल्ला देऊन तुला आणखी गारठवणारा तुझा पदार्थविज्ञानवाला भाऊ.

नियम खोटा नाही, पण तो पेटलेल्या आचेचा आहे. तुमचा हीटर पाणी पुरेसं वाहतंय याची खात्री झाल्याशिवाय आच पेटवतच नाही. धार बारीक असली की त्याला वाटतं, नळ बंद आहे. माझा जुना गीझर असलं काही बघत नाही, म्हणून माझ्या डोक्यात आलं नाही.

आता ताई, अवधूतला दाखव. हातच्या कांकणाला आरसा कशाला? त्याला न्हाणीघरात उभा कर आणि हात धरायला लाव. का बारीक सोडतेस असं विचारलं, तर जे खरं ते सांग. इशिता गुन्हेगार नाही, तूही नाहीस. एक वाक्य होतं, ते मोठं झालं. पण त्या वाक्याची किंमत तू तुझं घर देऊन मोजू नकोस. बावीसच्या आत तुझ्याकडून कळलं नाही, तर मी अवधूतला फोन करेन. मग तू माझ्याशी आयुष्यभर बोलली नाहीस तरी चालेल.

इथे जयंतीची तयारी जोरात आहे. तुझ्या विहारातल्या पोरांनी यंदा स्वतःच नाटुकलं बसवलंय, आणि ते फार वाईट आहे, असं बघून आलेली मधुवंती सांगते.

तुझा
प्रबोध

---

बुकित पंजांग
१८ एप्रिल २०२५

प्रिय प्रबोध,

जय भीम. फोन करायची गरज नाही.

चौदा तारखेला इथल्या आपल्या मंडळींनी एक हॉल घेतला होता. वंदना झाली, ऋचाने इंग्रजीत भाषण केलं. घरी आल्यावर सगळे खुशीत होते, तेव्हा मी म्हटलं, "जरा न्हाणीघरात या." अवधूत आणि इशिता आले. मी पाणी पूर्ण सोडलं, अवधूतला हात धरायला लावला. मग बारीक केलं. "आता धर. आणि आकडा बघ." त्याने धरला. पट्टीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, पुन्हा पट्टीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर शाळेतल्यासारखा उजेड पडला. "फ्लो सेन्सर! आई, याला ठरावीक धार लागते, नाहीतर पेटतच नाही!" आणि मलाच समजावून सांगू लागला. पाणी गार असतं हे मी तीन महिने सांगत होते, तेव्हा त्याने मानलं नव्हतं. स्वतःचा हात ओला झाल्यावर मानलं. याचं मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

मग त्याने विचारलंच. "पण तू एवढं बारीक का सोडतेस?"

तुझं पत्र डोळ्यांपुढे होतं. तरी माझ्या तोंडून निघालं, "सवय. भुसावळला पाणी चार दिवसांनी येतं." तो हसून म्हणाला, "उद्यापासून मोकळं सोड. इथे पाण्याला काय तोटा?"

आणि इशिता सहज, अगदी सहज म्हणाली, "अहो पण पहाटे एवढं मोठं सोडलं तर ऋचा उठेल ना. तिच्या खोलीत फार आवाज येतो."

पाणी तेवढं पडत होतं. अवधूतने बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काय ते त्याला कळलं. मी काही सांगायची वेळच आली नाही. इशिताला मात्र आपण काय बोललो ते कळायला थोडा वेळ लागला. मग ती पाणी बंद करून आत निघून गेली.

अवधूतने रात्रीच डॉक्टरांची वेळ रद्द केली. तिला तो काही बोलला असेल तर ते माझ्या कानांवर आलं नाही. मला म्हणाला, "तिकीट कधीचं बघू?" चुकलो असं म्हणाला नाही. त्याच्या बाबांनाही ते जमायचं नाही.

काल इशिता अर्धी रजा टाकून घरी आली. माझ्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेला बसली. म्हणाली, "आई, मी तसं बोलले होते हे मला आठवतच नव्हतं. बोलून कामाला निघून गेले असणार." आणि रडायला लागली. मी तिला लगेच जवळ घेतलं नाही. थोडं रडू दिलं, मग घेतलं. तीन महिने गार पाणी घेतलं होतं मी, तेवढा माझा हक्क होता.

डोळे पुसून तिने विचारलं, "तेव्हाच का नाही सांगितलंत?"

मी म्हटलं, "मी आज ना उद्या जाणार. राहायचं तुम्हा दोघांना आहे. जाताना मागे भांडण कशाला ठेवू?"

ती म्हणाली, "आणि डॉक्टरांनी तुम्हाला खरंच विसराळू ठरवलं असतं तर?"

तुझ्यापाशी खोटं बोलत नाही, प्रबोध. मी गप्पच बसले असते. एका वाक्यापायी मी माझं घर, विहारातली पोरं आणि माझी शाबूत अक्कलसुद्धा देऊन टाकली असती, आणि वर समजूतदार म्हणून मिरवले असते. त्या पलंगावर बसल्या बसल्या हे कळलं आणि माझी मलाच भीती वाटली.

तिकीट मेच्या पहिल्या आठवड्याचं मिळतंय. आल्यावर चार दिवस तुमच्याकडे राहीन. मधुवंतीला आत्ताच सांगून ठेव, वरणात मीठ कमी असेल तर मी कमी आहे म्हणेन.

तुझी
वसुधाताई